दर्याआप्पा

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीबाहेर टोमॅटोच्या पिकअपची रांग लागलेली असते, हायवेच्या कडेच्या टपरीवर भावाचा काथ्याकूट चाललेला असतो, आणि त्या गलक्यात कुणीतरी ठामपणे म्हणतं, "मुरूडपेक्षा कर्दे बरं, पण होडीला आडोसा नाही." टपरीवरचं कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. आप्पा आलेत, एवढंच सगळ्यांना कळतं.

गावानं त्यांचं नाव दर्याआप्पा ठेवलं आहे. नऊ एकर द्राक्षबाग, गळ्यात तुळशीची माळ, खिशात शुगर मीटर आणि डोक्यात समुद्र. आप्पा समुद्रकाठी जागा बघतात. घेतात असं मी म्हटलेलं नाही. रस्त्यात भेटलेल्या माणसानं "कसं काय आप्पा?" म्हटलं की बाकीचे लोक "बरं चाललंय" म्हणतात, आप्पा म्हणतात, "जागा बघून राहिलोय."

आमच्या भागात पाणी म्हणजे पाराशरी, कादवा, पालखेडचा कालवा आणि ज्याच्या त्याच्या रानातलं शेततळं. नांदूरमधमेश्वरला गोदावरी आणि कादवेचं पाणी अडवलं आहे, तिथं थंडीत दूरदेशीची बदकं उतरतात, २०२० मध्ये त्याला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. घरच्यांनी आप्पांना एकदा तिथं नेऊन पाहिलं, म्हटलं, आपल्याच तालुक्यात एवढं पाणी आहे, भागलं तर भागलं. आप्पा बराच वेळ काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी चांगलं आहे. पण पलीकडचा काठ दिसतो."

समुद्राशी त्यांची ओळख न्हावाशेव्याच्या बंदरातून झाली. तोवर समुद्र म्हणजे रॉटरडॅमला जायचा रस्ता, इतकाच त्यांचा समज होता. बागेतला घड पेटीत, पेटी कंटेनरात, कंटेनर जहाजावर, आणि नंतर निर्यातदाराचा फोन. २०१० च्या हंगामात युरोपनं भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट नावाच्या वाढरोधकाचा अंश पकडला आणि बऱ्याच बागायतदारांचा माल तिकडे अडकला. आप्पांचाही अडकला. चौकशीला ते थेट बंदरावर गेले. तिथं त्यांना कुणी काही सांगितलं नाही, पण मालाची वाट बघत दिवसभर ते पाण्याकडे तोंड करून बसले. रात्री घरी आले. वहिनींनी विचारलं, "पैशांचं काय झालं?" आप्पा म्हणाले, "समुद्र फार मोठा आहे." तेव्हापासून समुद्राकडे आपली काहीतरी बाकी आहे आणि ती जागेच्या रूपानं वसूल करायची, असं त्यांच्या मनानं घेतलं.

मी हायस्कुलात भूगोल शिकवत होतो, एवढ्या एका गुन्ह्यावरून या मोहिमेत माझी नेमणूक झाली. "सर, तुम्ही भूगोलाचे. समुद्र तुमच्या खात्यात येतो," आप्पा म्हणाले. मी आयुष्यभर समुद्र फळ्यावर निळ्या खडूनं काढला होता. पण आप्पांना नाही म्हणता येत नाही; ते विचारतच नाहीत, गाडी दारात उभी करून हॉर्न वाजवतात.

त्यांच्या अटी मोजक्या होत्या. घराच्या ओट्यावरून समुद्र दिसावा. समुद्राकडे जायची वाट स्वतःची असावी, "बांधावरून भाऊबंदकी नको." आणि दाराशी होडी असावी. होडीबद्दलची त्यांची कल्पना अशी, की सकाळी उठावं, चूळ भरावी, दावणीची होडी सोडावी, एक फेरी मारून यावं आणि परत बांधून चहा घ्यावा. "तिला वैरण नाही, पाणी नाही. बैलापेक्षा सोपं," ते म्हणाले. ज्यानं कधी होडी पाळली आहे, त्यानं इथं हसून घ्यावं.

पहिली स्वारी बोर्डीवर गेली, कारण नकाशात आम्हाला जवळचा समुद्र तोच. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा करत आम्ही डहाणूला उतरलो आणि चिकूच्या वाड्यांमधून बोर्डीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पोचलो. सुरूची झाडं होती, वाळू होती, घोडागाडी होती. समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण पार लांब, एक चकाकती रेघ. पौर्णिमेची ओहोटी लागलेली. बोर्डीचा किनारा इतका उथळ, की पाणी हटलं की अर्धा किलोमीटर मागं जातं. दोन होड्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या.

आप्पांनी चारी दिशांना बघितलं. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "बाबा, इथलं आवर्तन कधीचं?"

म्हातारा बुचकळ्यात पडला. मी मध्ये पडून भरती-ओहोटी सांगितली. दिवसातून दोनदा पाणी येतं, दोनदा जातं, रोज पाऊण तासाच्या आसपास उशीर होतो.

"दिवसातून दोनदा?" आप्पांचा आवाज चढला. "सर, पालखेडचं एक आवर्तन वाढवून घ्यायला आम्हाला मोर्चा काढावा लागतो! इथं दोनदा सुटतं आणि हे लोक ते वाया घालवतात?"

मग म्हाताऱ्यानं त्यांना कोळ्यांचा जुना हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी चढायलाही आळशी आणि उतरायलाही. गावागणिक थोडा फरक पडतो, पण हिशेब चुकत नाही. शहरातल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो, कारण त्याला तिथी ठाऊक नसते. आप्पा माळकरी. एकादशी त्यांच्या पोटाला कळते. त्या दिवसापासून ते पिंपळगावात बसून मुंबई-मालवणच्या भरत्या तोंडी सांगू लागले. बागेत औषधाचा फवारा चालू असताना मध्येच थांबून म्हणत, "आज द्वादशी. नऊला भरली असेल." मजूर मान डोलवत. कशाची काय भरली, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

बोर्डी नापास झाली. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे, तिथं कारखाने-बांधकामांवर बंधनं आहेत, असं मी सांगितलं. त्यावर आप्पा म्हणाले, "ते राहू द्या. जो समुद्र संध्याकाळी घरी नसतो, त्याच्या दाराशी घर कशाला बांधायचं?"

त्यांच्या या नाकारण्यातली गंमत मला बऱ्याच उशिरा कळली, आणि ती कळली आमच्याच गावात, त्यांच्याच बागेत. फेब्रुवारीत व्यापारी बागेत येतो. आल्या आल्या बोलत नाही. ओळीतून हात मागं बांधून फिरतो. घडाच्या अगदी शेंड्याचा, सगळ्यांत आंबट असणारा मणी नेमका तोडतो, तोंडात टाकतो, थुंकतो, लांब कुठंतरी बघतो आणि म्हणतो, "फुगवण कमी आहे." वर्षभर पोटच्या पोरासारखी सांभाळलेली बाग, ऑक्टोबरच्या छाटणीपासून डाऊनी, भुरी, अवकाळी, निफाडची हाडं गोठवणारी थंडी, सगळ्यातून वाचवलेली, आणि हा माणूस दोन बोटांत एक मणी धरून तिची किंमत पाडतो. आप्पा हे तीस-पस्तीस वर्षं ऐकत आलेत. सगळा जन्म त्यांनी विकण्यात घालवला आहे. गिऱ्हाईक होऊन, हात मागं बांधून, नाक मुरडून "बघू, कळवतो" म्हणायची संधी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा समुद्रानं दिली. जो माणूस शेंड्याचा मणी चाखायला शिकला, तो काही आख्खा घड घेऊन घरी जात नाही.

अलिबागला आम्ही एका दिवसात आटोपलं. मांडव्याला २०२० पासून मुंबईहून गाडीसकट येणारी रो-रो आहे. त्यामुळे जागेचे भावही गाडीसकट आलेले. तिथं समुद्र आहे असं म्हणतात. आम्हाला कंपाउंडच्या भिंती दिसल्या. एका फाटकावरच्या रखवालदारानं आप्पांना "माळीकाम आहे, पण रविवारी नाही" असं सांगितलं. आप्पांनी ते मनाला लावून घेतलं नाही. उलट त्याला लॉनला बोर्डो मारायचा सल्ला दिला. परतताना आक्षीला मी मुद्दाम गाडी थांबवली. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत गणला जाणारा शिलालेख तिथं आहे. अकराव्या शतकातला, देवीला दिलेल्या दानाची नोंद आणि ते मोडणाऱ्याला शिवी. आप्पांनी चष्मा लावून दगड नीट न्याहाळला. अक्षरं कळली नाहीत, शिवी मी सांगितली. "सर," ते गंभीरपणे म्हणाले, "सातबाऱ्याच्या खाली अशी एक ओळ सक्तीची करायला पाहिजे."

सातबाऱ्याचं त्यांचं म्हणणं खरंच होतं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो, १९४८ च्या कूळकायद्याचं ६३ वं कलम. मुंबईची पैसेवाली मंडळी तिथं अडखळतात. आप्पा एजंटासमोर आपला सातबारा असा काढून ठेवत, की समोरच्यानं उठून उभं राहावं. पण कोकणातला सातबारा त्यांना नवा होता. दापोलीजवळ एका एजंटानं दाखवलेल्या जागेचे गुंठे अकरा आणि नावं त्याहून बरीच जास्त. त्यातले निम्मे गिरगाव-लालबागला, काही वारलेले, एक दुबईला, आणि 'इतर हक्क' या रकान्यात एक कूळ, जे गावात कुणालाच भेटलेलं नव्हतं.

"सही कुणाकुणाची लागणार?" आप्पांनी विचारलं.

"सगळ्यांची," एजंट म्हणाला. हा एजंट पुढं आमच्या घरोब्याचा झाला, त्याला आपण भाऊ म्हणू. "पण काळजी करू नका हो. गणपतीला सगळे येतात."

"वारलेले?"

"त्यांचे वारस येतात. ते जास्त असतात."

तरीही आप्पांना ती जागा भावली होती. नारळ होते, विहिरीचं पाणी गोडं होतं, ओट्यावरून समुद्र दिसला असता. मग मी भूगोलाच्या जोरावर सीआरझेडचा विषय काढला. किनाऱ्याच्या नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा तिच्या अखत्यारीत आणि खेड्यांच्या भागात पहिले २०० मीटर बांधकामाला बंद. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या गावांसाठी ते २०० चे ५० केले. दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं.

आप्पांनी हे शांतपणे ऐकलं. आमच्या गावात हायवे रुंद होताना लोकांचे ओटे-पडव्या गेलेल्या, त्यामुळे रेषेचं दुःख त्यांना कळत होतं. "म्हणजे समुद्राला साइड मार्जिन सोडायचं," ते म्हणाले. "आणि या गावात माणसं किती?"

भाऊ म्हणाला, "कमीच हो. सगळे मुंबईला."

"समजा २१६० भरली. मग?"

"मग २०० मीटर."

"एका माणसासाठी दीडशे मीटर?" आप्पा उसळले. "मग जनगणनेच्या दिवशी एक-दोन पाहुणे बोलवायचे ना! तुम्ही कोकणातले लोक पाहुण्याला घाबरता, त्याची ही शिक्षा आहे."

त्याच मुक्कामात त्यांनी कर्द्याच्या किनाऱ्यावर खिशातला शुगर मीटर काढला. बागायतदार द्राक्षाच्या रसाचा थेंब त्याच्या काचेवर टाकून उजेडाकडे धरतो आणि साखर वाचतो. त्याच्या भाषेत ब्रिक्स. आप्पांनी समुद्राचा थेंब टाकला. मीटर बिचारा पाण्यात विरघळलेल्या कशालाही साखरच समजतो. लिटरमागे पस्तीसेक ग्रॅम मीठ असलेलं पाणी त्यानं चारच्या वर दाखवलं. आप्पांनी डोळा बारीक करून पुन्हा बघितलं. अठरा भरल्याशिवाय द्राक्षाला हात न लावणारा माणूस तो. "चार," ते भाऊला म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला हुबेहूब व्यापारी दिसला. "माल तयार नाही तुमचा."

हर्णैला मात्र त्यांची भेट तोलामोलाच्या माणसाशी झाली. तिथं संध्याकाळी होड्यांवरून मासळी उतरते, पूर्वी बैलगाडीतूनही उतरायची, आणि सुवर्णदुर्गाच्या साक्षीनं वाळूवरच लिलाव होतो. आप्पांच्या नाकाला मासळीचा वास सोसत नाही. वहिनी गाडीत काचा वर करून हरिपाठ म्हणत बसल्या होत्या. पण लिलाव म्हटल्यावर आप्पांचे पाय थांबेनात. उपरण्याचं टोक नाकाला लावून ते टोपल्यांच्या कड्यात शिरले. बोली कशी चढते, कोण कुणाला खुणावतं, कोण मुद्दाम मागं राहून पाडतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पिंपळगावचा टोमॅटो असो की हर्णैची सुरमई, बोलीचं व्याकरण एकच. थोड्याच वेळात ते एका कोळणीला आडत, हमाली, तोलाई किती कापतात ते विचारू लागले. मग रोख पट्टी का मागत नाही म्हणून झापू लागले. बाईनं दोन-तीनदा ऐकून घेतलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, घेतायसा का नुसतं बघतायसा?"

आप्पा गप्प झाले. हाच प्रश्न बागेत फिरणाऱ्या व्यापाऱ्याला विचारायची त्यांची तीस वर्षांची इच्छा होती, आणि धाडस झालं नव्हतं. गाडीत बसल्यावर बरंच अंतर गेलं तरी ते बोलले नाहीत. खेडच्या पुढं, मुंबई-गोवा रस्त्याचं २०११ पासून चाललेलं चौपदरीकरण आमच्या पाठीच्या मणक्यांतून जात असताना, ते एकदम म्हणाले, "बघितल्याशिवाय घेतं का कुणी?" कुणाला म्हणाले कळलं नाही. वहिनी म्हणाल्या, "बरोबर आहे." वहिनींचं 'बरोबर आहे' फार धारदार असतं.

देवबागबद्दल लिहायचं तर वेगळा कागद लागेल. मालवणच्या दक्षिणेला एक अरुंद पट्टी, एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे माडांत घरं. होडीसाठी याहून चांगली जागा महाराष्ट्रात मला तरी ठाऊक नाही. खाडीत होडी बांधा, मुखातून बाहेर पडा. उत्तरेसारखा चिखल नाही, भरती-ओहोटीचा फरकही मुंबईपेक्षा बराच कमी. आप्पा मनापासून खूश झाले. दोन्ही बाजूंनी पाणी असलेली जमीन त्यांनी जन्मात बघितली नव्हती. "सर, आवर्तनाची भानगडच नाही. दोन्हीकडून कालवा!" एका होडीवाल्यानं त्यांना खाडीत फिरवलं, सुकाणू हातात दिलं. आप्पांचा चेहरा त्या वेळी जसा झाला तसा मी पोराच्या लग्नातही बघितला नव्हता.

उतरल्यावर त्यांनी जागेचा विषय काढला. किनाऱ्याला दगडाचा बंधारा घातलेला होता आणि एका ठिकाणी माडांची मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. होडीवाला तिकडे बोट करून म्हणाला, "आज दर्यो हय आसा. फुडल्या वर्सा खय आसतलो, ता तुम्ही त्येकाच इचारा."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी भूगोल सांगितला: लाटा, खाडीचं मुख, सरकणारी वाळू. "म्हणजे शेजारी बांध कोरतो," आप्पा म्हणाले. हे दुःखही त्यांना गावाकडून ठाऊक होतं. फरक इतकाच, की इथं तलाठ्याकडे जायची सोय नव्हती.

खरा घाव त्या होडीवाल्यानं जाता जाता घातला. होडी कधी चालते, असं आप्पांनी विचारलं. तो म्हणाला, जून लागला की होड्या वर ओढायच्या आणि झावळ्यांनी शाकारून ठेवायच्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही सरकारी बंदी. नारळी पौर्णिमेला नारळ दिला तरी पाणी खरं निवतं ते दसरा-दिवाळीला. मोसम ऑक्टोबर ते मे.

आप्पा बोटांवर मोजू लागले. ऑक्टोबरात छाटणी. नोव्हेंबर-डिसेंबरात रोज फवारणी, डिपिंग, विरळणी. जानेवारी ते मार्च काढणी. एप्रिलात खरड छाटणी. बागायतदार मोकळा होतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हा होडी झावळ्यांखाली.

"समुद्राची छाटणी चुकीच्या महिन्यात धरलीय," ते शेवटी म्हणाले. पण हे बोलताना त्यांच्या आवाजात निराशा होती असं मला वाटलं नाही. त्यांना आणखी एक शेंड्याचा मणी सापडला होता.

देवबागच्या सुकाणूनं एक केलं मात्र. मोसम जुळो न जुळो, होडीचा सराव पाहिजे म्हणून त्यांनी एक रबरी होडी मागवली. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून तिच्यात हवा भरून घेतली आणि ती फुगलेली होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी करून भर बाजाराच्या दिवशी गावातून मळ्यात नेली. "आप्पा, पाराशरीला पूर येणार का?" असं विचारणाऱ्यांत बाजार समितीचे आजी-माजी सगळेच होते. शेततळं मोठं, काठोकाठ भरलेलं, कारण फवारणीचे आणि पाण्याचे दिवस तोंडावर आलेले. आप्पा उतरले. दोन वल्ही मारली की पलीकडचा काठ येई, पण वळण्याचा सराव त्यामुळे चांगला झाला. वहिनींनी एकदा पदर खोचून वल्हं घेतलं आणि आप्पांपेक्षा सरळ होडी नेली. ते दृश्य पुन्हा कुणाला बघायला मिळालं नाही.

इथवर ठीक होतं. पण नांगराशिवाय होडी पुरी होत नाही, हे आप्पांनी हर्णैला बघितलं होतं. त्यांनी विहिरीतली बादली काढायचा लोखंडी गळ दोरीला बांधला आणि तळ्याच्या मधोमध थांबून खऱ्या तांडेलाच्या थाटात भिरकावला. शेततळ्याला तळाशी ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद असतो. त्यावर निम्म्या बागेचं भवितव्य पसरलेलं असतं. गळ व्यवस्थित रुतला. होडी अजिबात हलली नाही. सकाळी तळं दोन हात खाली गेलं होतं आणि शेजाऱ्याच्या कांद्यात पाणी साचलं होतं.

वहिनी काठावर येऊन उभ्या राहिल्या. "होडी बुडालेली ऐकली होती," त्या म्हणाल्या. "होडी वर राहून तळं बुडालेलं पहिल्यांदाच बघितलं."

त्या वर्षी द्राक्षाचे कंटेनर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जात होते, नेहमीपेक्षा दोनेक आठवडे जास्त. आप्पा रोज जहाजांच्या बातम्या बघत. वहिनी म्हणाल्या, "द्राक्षं केप ऑफ गुड होप बघून आली. तुमची दापोली अजून ठरेना."

गेल्या पावसाळ्यात दापोलीचा भाऊ आमच्याकडे आला. आपल्या मेव्हण्याला घेऊन आला होता. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जुलैत कपडे वाळत नाहीत, कपाटात चपलांना बुरशी येते, लोखंड म्हणून घरात काही टिकत नाही. तेव्हा एखादी कोरडी जागा बघावी असं मेव्हण्याच्या मनात होतं. हायवेजवळ, डोंगर दिसेल अशी. पावसाळ्यात चार महिने येऊन राहता येईल. आप्पांना कोण आनंद झाला! दोन दिवस त्यांनी पाहुण्यांना पिंपळगाव, उंबरखेड, कारसूळ असं सगळं हिंडवलं. मी अर्थातच मागच्या सीटवर.

मेव्हणा हात मागं बांधून फिरत होता. पहिल्या जागेवर म्हणाला, "नारळ दिसत नाही एकही." दुसरीवर, "बोअर चारशे फूट? आमच्याकडे वाकलं की पाणी." तिसरीवर त्यानं ढेकूळ उचललं, फोडलं, हुंगलं आणि म्हणाला, "माती चिकट आहे. पायाला लागते." हायवेचा आवाज त्याला जास्त वाटला, डोंगर कमी. संध्याकाळी ओट्यावर वहिनींनी गेल्या हंगामातले घरचे बेदाणे बशीत ठेवले. त्यानं चिमटीत एक धरला, उजेडाकडे केला, चावला. "गोड आहे," तो म्हणाला. "पण सालीला जाड."

निघताना आप्पांनी विचारलं, "मग? कोणती पसंत?"

"बघू," मेव्हणा म्हणाला. "कळवतो."

गाडी टोलनाक्याकडे वळेपर्यंत आप्पा फाटकात उभे होते. मग आत येऊन त्यांनी उपरणं खुंटीला मारलं.

"सर, असली माणसं मी बाजारात आयुष्यभर बघितलीत. यांना घ्यायचं काही नसतं. दुसऱ्याचं डिझेल जाळून नुसतं हिंडायचं असतं. माती चिकट म्हणे! आपल्या काळ्या मातीला! सालीला जाड म्हणे!" ते येरझाऱ्या घालू लागले. वहिनी बेदाण्याची बशी उचलत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. तसं ठरलेलंच असतं.

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. ते बाजूला जाऊन बराच वेळ "हां, हां" करत राहिले आणि परतले तेव्हा राग पार उतरलेला होता.

"वेंगुर्ल्याला एक निघालीय. सोळा गुंठे, सातबाऱ्यावर फक्त तीन नावं, आणि तिघंही जिवंत," ते म्हणाले. "दसरा झाला की लगेचची द्वादशी धरू. नऊला भरती. आदल्या दुपारीच निघावं लागेल, म्हणजे एकादशीचा फराळ बरोबर घेऊ. सर, तुम्ही मोकळे आहात ना?"

"आणि छाटणी?" वहिनींनी आतून विचारलं.

"छाटणी मजूर करतात," आप्पा म्हणाले. "जागा स्वतः बघावी लागते."